माथेरानच्या छोट्या रेल्वेगाडीच्या डब्याचं मॉडेल घरी करायचं तर लेझर कटर घ्यावा की थ्रीडी प्रिंटर? आणि मशीनवर कापलेल्याला ‘स्वतः बनवलं’ म्हणता येतं का?

पहिल्याचं उत्तर: दोन्ही घेऊ नका. दुसऱ्याचं: म्हणता येतं. या दुसऱ्यावरून आमच्या घरात सहा महिने अबोला होता, म्हणून तेवढं जरा लांबण लावून लिहितो.

माझे काका रेल्वेच्या कारखान्यात सुतार होते, डब्यांच्या लाकडी कामाला. मी शाळेत असताना त्यांनी लालबागच्या चाळीत गॅलरीत पाट टाकून माथेरानच्या गाडीचा एक डबा केला होता. माप फुटाला अर्धा इंच, म्हणजे दोन फुटी गेजचे (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर) रूळ बरोब्बर एक इंचावर. चहाच्या खोक्याचं प्लायवूड, फ्रेटसॉ (बारीक पात्याची करवत), दोन कानशी आणि पॉलिश पेपर, एवढंच सामान. दोन पावसाळे लागले. डबा हातात देताना म्हणाले, “पाडू नकोस.” मी आठवड्यात पाडला. ते असो.

माझा डबा २०१८चा. स्केल १:७६, म्हणजे खऱ्याच्या ७६वा भाग, रूळ ९ मिमीचे. गणित करणारे लगेच म्हणतील की ६१० मिमीचं गेज ७६ने भागलं तर ८ येतात, ९ नाही. बरोबर आहे. ज्याला तो एक मिलिमीटर खुपतो त्याने रूळ हाताने घालावेत. मला खुपत नाही, कारण ९ मिमीवर एन गेजच्या (९ मिमी रुळांच्या मॉडेल गाड्यांच्या) बोगी, म्हणजे डब्याखालचे चाकांचे सांगाडे, तयार मिळतात आणि मला डबा करायचा होता, चाकं नाही. नेरळच्या फलाटावर टेप लावून मापं घेतली. टेप पोहोचत नव्हता तिथे मीटरपट्टी उभी धरून फोटो काढले आणि घरी येऊन मापं काढली. ड्रॉइंगला तीन शनिवार-रविवार गेले. डब्याची बाजू तीन थरांची: बाहेर ०.८ मिमी प्लाय, त्यावर फळ्यांच्या रेघा लेझरनेच कोरलेल्या. मध्ये काचेच्या जागी पारदर्शक शीट. आतून आयव्हरी कार्डच्या चौकटी. आर्किटेक्चरच्या पोरांची मॉडेलं कापून देणारं एक दुकान दादरला होतं, तिथे फाइल दिली. कटिंग चहाचा ग्लास संपायच्या आत दोन्ही बाजू कापून हातात.

जोडून, रंगवून डबा घेऊन मी लालबागला गेलो. काकांनी चष्मा लावला, डबा उजेडात धरला, छपरावरून अंगठा फिरवला.

“सुबक आहे. कापला कोणी?”

“लेझरने.”

“मग डबा लेझरचा. तू हमाल. दुकानातून घरी आणलास, एवढंच.”

मी गप्प. त्यांनी डबा फिरवला. पुन्हा फिरवला. मग पेन्सिलीचं टोक दरवाजावर ठेवलं. “या बाजूच्या दरवाजाची बिजागरी डाव्या हाताला. त्या बाजूला उजव्या हाताला कशी गेली?”

मी एकच बाजू काढली होती आणि दुसरी ‘मिरर’ मारून, म्हणजे आरशातल्यासारखी उलटवून, घेतली होती.

“अरे, दरवाजे एका साच्यात करतात. इकडचा काढला की तिकडे बसला पाहिजे. तुझ्या डब्याला डावा-उजवा निराळा, चपलेसारखा! मशीनला अक्कल नसते ती अशी.”

इथे माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, “काका, मशीनने नाही केलं हे. मिररची कमांड मी दिली. चूक माझी.”

“तुझीच.”

“मग चूक माझी आणि डबा मशीनचा, हे कसं काय?”

काकांनी डबा टेबलावर ठेवला आणि काकूला म्हणाले, “याला चहा दे, लांब जायचंय त्याला.” मुलुंडला राहतो मी, लांब काय! त्यानंतर सहा महिने निरोप काकूमार्फत.

काका आता नाहीत, त्यामुळे पुढचं इथेच मांडतो. कारखान्यात त्यांच्या हाताशी बँडसॉ (मशीनची करवत) होता, रंध्याचं मशीन होतं. त्या डब्यांना कोणी बँडसॉचे डबे म्हटलं नाही. १९०७ साली सुरू झालेली माथेरानची रेल्वे मुंबईच्या पीरभॉय या उद्योगपती घराण्याने बांधली असं आपण सगळेच म्हणतो. रूळ काय त्यांनी खांद्यावरून वर नेले होते? कुठे कापायचं, किती कापायचं, कोणता थर कशाच्या मागे जाणार, हे ठरवतो त्याचा डबा. दुसऱ्याची फाइल उतरवून कापलीत तर मात्र काकांचं खरं. मग तुम्ही हमाल.

आता तुमच्या कामाचं. मशीन घेऊ नका म्हटलं, कारण वर्षाला दोन डबे होतात आणि तेवढ्यासाठी घरात धूर कोण घेणार? बाहेर कापून घ्या. दुकानात पहिल्यांदा १० मिमीचा चौकोन कापायला लावा आणि व्हर्नियरने मोजा. ९.८ भरला तर किरणाने ०.२ खाल्ले. ऐकायला काही वाटत नाही, पण खऱ्या डब्यातला तीन इंची खांब आपल्याकडे १ मिमी होतो, त्यातले ०.२ गेले की खिडक्यांमधल्या काड्या राहतात. ड्रॉइंगमध्ये प्रत्येक रेघ कटाच्या रुंदीच्या निम्म्याने टाकाऊ भागाकडे सरकवा: बाहेरची कड बाहेर, खिडकीची रेघ खिडकीच्या आत.

सनबोर्ड नेऊ नका. तो पीव्हीसीचा फोम असतो, लेझरखाली विषारी आणि मशीनला गंज चढवणारा वायू सुटतो. शहाणा दुकानदार हाकलून देतो. जो कापून देतो त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका. स्वस्तातल्या निळ्या डायोड लेझरने पारदर्शक ॲक्रिलिक कापलं जात नाही, उजेड आरपार जातो.

प्रिंटर बोगीच्या बाजू, पायऱ्या, व्हेंटिलेटर यांना उत्तम, तोही रेझिनचा (द्रव प्लास्टिक उजेडाने घट्ट करणारा). सपाट लांब बाजू प्रिंट करू नका, वाकते. छप्पर मी कार्डाचे दोन थर बाटलीवर गुंडाळून केलं, अजून सरळ आहे.

आणि बोगी चिकटवण्याआधी वळण मोजा. दोन बोगींच्या मध्यांमधलं अंतर १०० मिमी आणि वळणाची त्रिज्या २३० मिमी असेल तर डब्याचं पोट साडेपाच मिमी आत झुकतं. मी हे गणित डबा झाल्यावर केलं. माझा ‘वन किस’ बोगदा (माथेरानच्या मार्गावरच्या बोगद्याचं मॉडेल) त्यामुळे फोडून रुंद करावा लागला.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. पावसाळ्यात नेरळहून गाडी बंद असते तसं प्लायचं कामही बंद ठेवा, पातळ प्लाय जुलैत पापडासारखा वळतो. प्लाय दोन्ही अंगांनी सील करा, एका नाही. रेझिन घरात करायचंच असेल तर हातमोजे आणि उघडी खिडकी हवीच, आणि लहान मूल असेल तर करूच नका.

आणि एका बाबतीत काका बरोबर होते, हेही लिहून टाकतो. मी आयुष्यात एक दरवाजा हाताने बसवला असता तर ती बिजागरी मला स्क्रीनवरच दिसली असती. तेव्हा पहिली बाजू कार्ड आणि ब्लेडने हातानेच कापा, वाया गेली तरी चालेल.

माझी फाइल हवी असेल तर कॉमेंटमध्ये सांगा, पाठवतो. एक बाजू त्यात अजून उलटीच आहे, ती सुधारून घ्या.