वाचकांचे प्रश्न : दोष फ्लॉपीचा की खेळाचा?

प्रश्न : सयाजीगंजमधील आमच्या घराच्या माळ्यावर वडिलांच्या सव्वापाच इंची फ्लॉप्यांचा (जुन्या संगणकांत माहिती साठवायच्या पातळ चुंबकीय चकत्यांचा) डबा सापडला. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी तळमजल्यात शिरले होते, परंतु डबा वर असल्याने भिजला नाही. त्यातील एका फ्लॉपीवरील खेळाचा पहिला टप्पा वडिलांच्या एक्सटी संगणकावर नीट चालतो. दुसरा उघडताना मात्र ड्राइव्ह खरखरतो आणि ‘डेटा एरर’ असा संदेश येऊन ‘अबॉर्ट, रिट्राय, फेल’ असे विचारले जाते. काकांच्या त्यानंतरच्या पिढीतील २८६ संगणकावर हीच फ्लॉपी विनातक्रार चालते. लेबलावर आधी दुसऱ्याच खेळाचे नाव होते, ते खोडून खाली हे नाव लिहिलेले आहे. हा खेळातील बग, म्हणजे प्रोग्रामची चूक, समजावा का? फ्लॉपी पुन्हा फॉरमॅट करून, म्हणजे पुसून नव्याने आखून, पाहावी का? (एक वाचक, बडोदे)

उत्तर : कृपया फॉरमॅट करू नका. फ्लॉपीच्या कडेला जी चौकोनी खाच असते तिच्यावर आधी चिकटपट्टी लावा, म्हणजे चुकूनसुद्धा तिच्यावर काही लिहिले जाणार नाही.

आपण लेबलाचा उल्लेख केलात हे फार बरे झाले, कारण बहुधा उत्तर त्या खोडलेल्या नावातच आहे. एक्सटीचा ड्राइव्ह ३६० केबीचा असतो आणि तो एका बाजूवर ४० ट्रॅक, म्हणजे नोंदीच्या गोल रेघा, लिहितो. २८६ मध्ये सहसा १.२ एमबीचा ड्राइव्ह असतो. त्याला तेवढ्याच जागेत ८० ट्रॅक बसवायचे असल्याने त्याचे हेड (चकतीवर वाचणारे-लिहिणारे टोक) अरुंद असते आणि त्याने उमटवलेली रेघ जुन्या रेघेच्या साधारण निम्मी भरते. रुंद कुंच्याने मारलेल्या पट्ट्यावरून बारीक कुंचा फिरवला, तर मधोमध नवा रंग दिसतो आणि कडांना जुना उरतो. वडिलांनी पहिला खेळ एक्सटीवर घेतला असेल आणि नंतर त्याच फ्लॉपीवर २८६ मधून दुसरा लिहिला असेल, तर नेमके हेच झाले आहे. काकांचे अरुंद हेड फक्त मधली नवी नोंद वाचते, तर आपल्या एक्सटीचे रुंद हेड नवी आणि जुनी अशा दोन्ही नोंदी एकदम उचलते आणि गोंधळते. जिथे जुन्या नोंदीचा अडथळा कमी पडतो तो भाग एक्सटीवरही वाचला जातो, म्हणूनच पहिला टप्पा चालत असावा.

उपाय काकांच्या संगणकावरच करावा लागेल. तेथे सर्व फाइली हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. मग ३६० केबीची, कधीही न वापरलेली फ्लॉपी घ्या. ती न मिळाल्यास जुनी फ्लॉपी मोठ्या लोहचुंबकाने पूर्ण पुसून घ्या, आणि हे काम बाकीच्या डब्यापासून दूर, दुसऱ्या खोलीत करा. ती फ्लॉपी ‘फॉरमॅट ए: /४’ या आज्ञेने ३६० केबीची करून तिच्यावर खेळ उतरवा. कडांना जुने काहीच नसल्यामुळे एक्सटी ती वाचू शकेल. लगेच तिची एक प्रत एक्सटीच्याच ड्राइव्हवर, तिथेच फॉरमॅट केलेल्या फ्लॉपीवर काढा आणि पुढे तीच वापरा.

डब्यातील उरलेल्या फ्लॉप्या ड्राइव्हमध्ये घालण्यापूर्वी प्रत्येकीच्या लांबट खिडकीतून आत पाहा. मधल्या भोकात बोट घालून चकती हळूहळू फिरवली की तिचा संपूर्ण पृष्ठभाग डोळ्यांखालून जातो. तिच्यावर राखाडी किंवा पांढुरके ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. आपल्याकडच्या पावसाळी हवेत बंद डब्यातही ती धरते. अशी फ्लॉपी घातली तर हेड तिचा थर खरवडते आणि ती घाण पुढच्या प्रत्येक चांगल्या फ्लॉपीला लागते. मी स्वतः एकदा घाईने अशी फ्लॉपी घातली आणि तिच्यामागोमाग घातलेल्या दोन चांगल्या फ्लॉप्यांवर गोल चरे पडले. ते अजून मला बोचतात. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा हेडवरून फिरवला तेव्हा तो तपकिरी झाला, म्हणजे चुंबकीय लेपच निघून आला होता. ‘रिट्राय’चे बटण पुन्हापुन्हा दाबण्याचा मोहही याच कारणासाठी टाळावा, कारण प्रत्येक वेळी हेड त्याच जागी घासते.

खेळात खरोखर बग असला तर तो निराळ्या रीतीने ओळखू येतो. तो नव्या प्रतीतही आणि दुसऱ्या संगणकावरही त्याच कृतीनंतर येतो आणि डॉसचा (संगणक चालवणाऱ्या मूळ प्रणालीचा) कोणताही संदेश न देता येतो. १९८४ साली स्पेक्ट्रम या कॅसेटवरून खेळ घेणाऱ्या घरगुती संगणकासाठी निघालेल्या ‘जेट सेट विली’मध्ये घराच्या माळ्यावरील खोलीत एकदा पाऊल टाकले की मेमरीचा भलताच भाग बिघडत असे आणि नंतर इतर काही खोल्यांत शिरताच खेळाडू मरत असे. दोष एका ठिकाणी आणि परिणाम दुसरीकडे, त्यामुळे कित्येकांना आपली कॅसेटच खराब वाटली असल्यास नवल नाही. प्रकाशकांनी पुढे मेमरीतील आकडे बदलणाऱ्या ‘पोक’ आज्ञा दिल्या, तेव्हा तो खेळ पूर्ण करता येऊ लागला.

प्रश्न : मोटारींचा एक जुना खेळ नव्या संगणकावर लावला, तर सुरू होताच गाडी आपटते, काही दिसेपर्यंत खेळ संपतो. (दांडिया बाजार)

उत्तर : मूळ आयबीएम पीसीचा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झचा होता, आणि अनेक खेळांत घड्याळ न पाहता ठरावीक संख्येच्या रिकाम्या फेऱ्या मारून वेळ काढला जात असे. वेगवान प्रोसेसर त्या फेऱ्या क्षणात संपवतो. पुढच्या काळातील संगणकांवर ‘टर्बो’ बटण असे, ते मुख्यतः अशा प्रोग्रामांसाठी वेग उतरवण्याच्या कामी येई. आपण डॉसबॉक्स (नव्या संगणकावर जुन्या संगणकाची नक्कल करणारा प्रोग्राम) वापरा आणि कंट्रोल धरून एफ११ दाबत वेग कमी करा. फार मंदावला तर कंट्रोल धरूनच एफ१२ ने वाढवा. गाडीच्या इंजिनाचा आवाज सहज ऐकू येईल तिथे थांबा.

प्रश्न : ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’त पहिला टप्पा संपला की बाटल्यांची खोली येते. कोणत्याही बाटल्या प्यायल्या तरी राजपुत्र मरतो. फाइल खराब आहे का? (रावपुरा)

उत्तर : फाइल शाबूत आहे. खेळाच्या छापील पुस्तिकेतील सांगितलेले पान, ओळ आणि शब्द शोधून त्याच्या पहिल्या अक्षराची बाटली प्यायची असते. नकला रोखण्यासाठी ती सोय केलेली होती. आपल्याकडे हे खेळ बहुतेक हातोहात फिरलेल्या फ्लॉप्यांवर पोहोचले आणि पुस्तिका सोबत आलीच नाही. स्कॅन केलेली पुस्तिका मिळवून शेजारी ठेवा; एकदा योग्य बाटली प्यायली की राजपुत्र दुसऱ्या टप्प्यात जातो.