वल्हं २६० सेंटिमीटरचं घ्या, पण आधी वडिलांची ठेव परत मागा

प्रश्न : मी पैठणजवळ राहतो. वय ३८, कनिष्ठ महाविद्यालयात शिक्षक, हातात पगार ६२ हजार, घरकर्ज १८ लाख शिल्लक, दोन मुलं. नाथसागरावर (जायकवाडीच्या जलाशयावर) चालवायला एकट्यापुरता जुना कॅनू, म्हणजे वल्ह्याची उघडी नाव, घेतला आहे. बैठकीपाशी रुंदी ७६ सेंमी, बैठक तळापासून २२ सेंमी उंच. माझी उंची पाच फूट सात इंच. दुहेरी पात्याचं वल्हं घ्यायचं आहे. कार्बनचं २२० सेंमीचं २८ हजारांना मिळतंय, २४ महिने १,३७० रुपये हप्ता. ॲल्युमिनियमच्या दांड्याचं २६० सेंमीचं साडेसात हजारांना आहे. विक्रेता म्हणतो, हलकं तेच चांगलं. हप्त्याची चिंता नाही, कारण शनिवार-रविवारी पर्यटकांना ३०० रुपयांत कॅनू देणार आहे. दिवसाला दहा जण धरले तरी महिना २४ हजार. शिवाय वडिलांच्या (वय ६७) जमिनीच्या मावेजाचे १५ लाख मल्टिस्टेट पतसंस्थेत १३ टक्क्यांनी आहेत, त्याचं महिन्याला सोळा हजार व्याज येतं. दोन महिन्यांपासून ते ॲपवर जमा दिसतं, काउंटरवर मात्र ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणतात. त्यातल्या ७ लाखांच्या ठेवपावतीची मुदत मागच्या महिन्यात भरली, म्हणजे ती पिकली. मॅनेजर ओळखीचे आहेत, नूतनीकरण केलं तर अर्धा टक्का वाढवून देतो म्हणतात. त्यांच्याच सांगण्यावरून व्याजाच्या भरवशावर वर्षाला १ लाखाची पॉलिसी घेतली : दहा वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी दुप्पट. बाँड ११ दिवसांपूर्वी आला. कोणतं वल्हं घेऊ?

उत्तर : २६० चं घ्या. २२० हे कयाकचं माप आहे. कयाकमध्ये माणूस जवळजवळ तळाला टेकून बसतो आणि नाव ५५-६५ सेंमी रुंद असते, म्हणून २१०-२३० पुरतं. तुमची नाव त्याहून दहा-वीस सेंमी रुंद आणि तुम्ही २२ सेंमी वर बसलेले. तिथे २२० घेतलंत तर पातं पुरतं बुडावं म्हणून दर फटक्याला एका अंगाला झुकावं लागेल, दांडा नावेच्या कडेवर घासेल आणि उभ्या धरलेल्या वल्ह्यावरून पाणी सरळ मांडीवर येईल. तळाला गादी टाकून बसणार असाल तर २४० चालेल. बैठक आणखी उंच आणि रुंदी ८० च्या पुढे असती तर २७०-२८० सांगितलं असतं.

माझ्या शब्दावरही घेऊ नका, मोजा. आधी रुंदी कुठे मोजलीत ते तपासा. पातं गुडघ्याच्या जरा पुढे पाण्यात शिरतं, तिथली बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंतची रुंदी लागते. माहितीपत्रकात छापलेली सगळ्यात जास्त रुंदी नव्हे. मग इलेक्ट्रिशियन वापरतात तो २५ मिमीचा पीव्हीसी पाइप आणा, तीन मीटरची लांबी सहज मिळते. मधोमध खूण करा. कंबरभर पाण्यात कॅनू घाला, नेहमी नेता तेवढं सामान आत ठेवा, कारण वजनाने नाव दोन-चार सेंमी खाली बसते आणि माप बदलतं. पाइप डोक्यावर आडवा धरा आणि कोपरं काटकोनात येतील तिथे हात ठेवा. आता ताठ बसून पाइप पायाच्या बाजूने पाण्यात घाला, वरचा हात खांद्याच्या वर जाऊ देऊ नका. पाइप कडेला न घासता जिथे पाण्याला लागतो तिथे खूण करा. दुसऱ्या बाजूनेही तेच. दोन खुणांमधलं अंतर, अधिक दोन्ही पात्यांची लांबी, ही तुमची लांबी. खुणांमध्ये १६५ निघाले आणि पातं ४७ चं असेल तर झाले २५९. पाच सेंमी इकडेतिकडे झालं तरी बिघडत नाही. सरकत्या जोडाचं, दहा-पंधरा सेंमी कमीजास्त होणारं मिळालं तर उत्तमच.

लांब म्हणजे चांगलं, असंही नाही. गरजेपेक्षा लांब घेतलं की फटका नावेपासून दूर पडतो, नाक डावी-उजवीकडे हलत राहतं आणि खांदे भरून येतात. लांब दांड्याला पातं अरुंद असावं. ॲल्युमिनियमचं वल्हं सव्वा किलोच्या आसपास भरतं, कार्बनचं पाऊण ते एक किलो. हा फरक खोटा नाही. तासाला दीड-दोन हजार फटके मारणाऱ्याला तो संध्याकाळी मनगटात कळतो. पण रविवारी दीड तास जाणाऱ्याने त्यासाठी वीस हजार जास्त का मोजावेत? आणि तुम्ही तर हप्त्यांवर अठ्ठावीसचं तेहेतीस हजारांना घेणार, तेही चुकीच्या मापाचं.

घेताना मधला जोड हलवून पाहा. नव्या वल्ह्यात खडखड असेल तर ती महिन्याभरात वाढणारच. ॲल्युमिनियमचा जोड ओला तसाच बसवून ठेवला की आतून गंज धरून अडकतो, म्हणून दर वेळी सोडवा, गाळ धुवा, वाळवा. तेल लावू नका, त्याला वाळू चिकटते. दोन्ही पाती एका रेषेत ठेवून शिका. समोरचा वारा नाथसागरावर जोर धरतो तेव्हा एक पातं ४५ अंश फिरवलं तर वरचं पातं वारा कापतं, पण आडव्या वाऱ्यात तेच पातं उचललं जातं. उरलेल्या पैशांत अंगाला नीट बसणारं लाइफ जॅकेट घ्या आणि एक साधं एका पात्याचं वल्हं नावेत बांधून ठेवा.

भाड्याचे २४ हजार वहीतून खोडा. एकट्याचा कॅनू म्हणजे एका वेळी एकच गिऱ्हाईक, तेही पहिल्यांदाच वल्हं धरणारं, आणि तुम्ही काठावर. उलटला तर बाहेर कोण काढणार? जायकवाडीचा जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, धरण जलसंपदा खात्याचं; वनखात्याची आणि त्यांची परवानगी नसताना धंदा करता येत नाही. स्वतः उतरायलाही आधी विचारून घ्या. दुष्काळाच्या वर्षी साठा मृतसाठ्याखाली जातो आणि पाणी चिखलापलीकडे लांब जातं, ते पैठणच्या माणसाला मी काय सांगावं.

आता जे विचारलं नाहीत त्याबद्दल. ज्या व्याजावर तुम्ही हप्ता, पॉलिसी आणि शौक उभा केलाय ते दोन महिने आलेलंच नाही. ॲपवरचा आकडा म्हणजे पैसे नव्हेत. पिकलेली ठेव न देता वर अर्धा टक्का वाढवून देणारी संस्था कोणत्या अवस्थेत असते, हे मराठवाड्यात गेल्या काही वर्षांत बंद शटरसमोर उभ्या राहिलेल्या ठेवीदारांना विचारा. बँकेतल्या ठेवीला, व्याज धरून, प्रत्येक बँकेत माणशी ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थेला, मल्टिस्टेट असो की जिल्ह्यातली, ते नाही. फलकावर ‘अर्बन’ लिहिलं म्हणून ती बँक होत नाही.

हिशोब बघा. १५ लाखांवर १३ टक्के म्हणजे वर्षाला १ लाख ९५ हजार. हेच पैसे वडिलांच्या नावाने पोस्टातल्या किंवा बँकेतल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्क्यांनी असते तर १ लाख २३ हजार, दर तिमाहीला पावणेएकतीस हजार खात्यात. फरक ७२ हजार. मुद्दल बुडालं तर त्या जास्तीच्या व्याजातून ते भरून यायला एकवीस वर्षं. वडील तोवर ८८ चे होतील.

नूतनीकरण करू नका. पिकलेली पावती म्हणजे आज देणं असलेली रक्कम; नवी पावती घेतलीत की तुम्हीच मुदत दिली असं होतं. वडिलांच्या सहीचा अर्ज दोन प्रतींत द्या : ७ लाख आणि थकलेलं व्याज आरटीजीएसने अमुक खात्यात जमा करावं. तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या, देत नसतील तर स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. सोबत झेरॉक्स जोडा, मूळ पावती घरी. आणि एक गोष्ट वडिलांना आजच सांगा : पावतीच्या पाठीमागे रेव्हेन्यू स्टॅम्पवर सही करायला लावतात, ती पैसे मिळाल्याची पोच असते. खात्यात रक्कम दिसल्याशिवाय ती सही नाही, ‘साहेबांकडे पाठवायचंय’ म्हणाले तरी नाही. दुसरी ८ लाखांची पावतीही मुदतीपूर्वी मोडायला टाका. एक-दोन टक्के कापतील, कापू द्या.

थोडे थोडे देतो म्हणाले तर घ्या, पण ‘उर्वरित रक्कम येणे’ असं लिहून. पुढच्या तारखेचा चेक दिला तर त्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत भरा. न वटता आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत वकिलाची नोटीस गेली पाहिजे. मॅनेजरच्या ओळखीखातर हे दिवस घालवाल तर न वटलेल्या चेकवरून खटला भरण्याचा हक्क जाईल. पंधरा दिवसांत काहीच हललं नाही तर सहकारी संस्थांच्या केंद्रीय निबंधकांकडे तक्रार करा आणि जिल्ह्याच्या आर्थिक गुन्हे शाखेकडेही अर्ज द्या. ठेवीदारांच्या हितरक्षणाचा राज्याचा १९९९ चा कायदा, ज्याला सगळे एमपीआयडी म्हणतात, याचसाठी आहे. रांगेत उशिरा उभं राहण्यात फायदा नाही.

राहिली पॉलिसी. दहा लाख भरून विसाव्या वर्षी वीस लाख, याला दुप्पट म्हणून विकतात. परतावा निघतो साडेचार टक्के. हेच पैसे पीपीएफमध्ये आजच्या ७.१ टक्क्यांनी, पंधरा वर्षांनंतर पाच वर्षं वाढवून, २९ लाखांच्या पुढे जातात. वर संरक्षण किती? अशा पॉलिसीत साधारण हप्त्याच्या दहापट, म्हणजे दहा लाख. तुमचं नुसतं घरकर्ज १८ लाख आहे. पतसंस्थेच्या मॅनेजरने विमा सुचवला तेव्हाच विचारायला हवं होतं की कमिशन कुणाला.

सुदैवाने बाँड मिळाल्यापासून ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते. तुमच्याकडे १९ उरलेत. अर्ज एजंटाच्या हाती देऊ नका, तो ‘देतो’ म्हणून महिना काढील. कंपनीच्या शाखेत स्वतः जा, पोच घ्या, त्याच दिवशी ई-मेलही करा. झालेल्या दिवसांचा विम्याचा खर्च, वैद्यकीय तपासणी आणि मुद्रांक शुल्क कापून बाकी परत मिळतं, म्हणजे एक लाखातले बहुतेक सगळे.

त्यातून १ कोटीचा मुदत विमा घ्या, निव्वळ संरक्षणाचा, शेवटी काही परत न देणारा. या वयाला वर्षाला पंधरा-वीस हजार लागतील. वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय. फॉर्म स्वतः भरा. तंबाखू, रक्तदाब जे असेल ते खरं लिहा आणि साहसी छंदांचा रकाना असेल तिथे कॅनू चालवतो असंही लिहा. चार-दोनशे हप्ता वाढला तर वाढू द्या, दाव्याच्या वेळी बायकोला त्यावरून वाद घालावा लागू नये.