सिडनीत आयटीची नोकरी सांभाळून बुशफायर (रानातली आग) विझवणाऱ्या स्वयंसेवकांत जाता येतं का? ऑक्टोबर तोंडावर आलाय, लगेच आगीवर पाठवतात का?

जाता येतं, मी जातो. पण या उन्हाळ्यात (इथे तो डिसेंबर ते फेब्रुवारी) तुम्हाला कुणी ज्वाळांसमोर उभं करेल अशी आशा (किंवा भीती) असेल तर ती सोडून द्या. सप्टेंबरच्या शेवटी अर्ज करणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. तरी खणायला घ्या, पुढचा उन्हाळा काही टळत नाही.

तुम्ही न्यू साउथ वेल्समध्ये (सिडनीचं राज्य) राहता असं लिहिलंय, म्हणून इथलंच सांगतो. इथलं दल म्हणजे रूरल फायर सर्व्हिस, बोलताना सगळे आरएफएस म्हणतात. 70,000 हून जास्त स्वयंसेवक आणि सुमारे 2,000 ब्रिगेड, म्हणजे गावोगावच्या तुकड्या. एवढं मोठं स्वयंसेवी अग्निशमन दल जगात दुसरं नाही, असं आरएफएसचं म्हणणं. पगारी माणसं आहेत, पण त्या मानाने फारच थोडी. टँकरवर, म्हणजे आगीच्या बंबावर, चढतात ते प्लंबर, शाळेतल्या बाई, निवृत्त बँकवाले आणि आता अधूनमधून आपल्यासारखे लॅपटॉपवाले. पैसा एक मिळत नाही. 2019-20 च्या उन्हाळ्यात आगी महिनोन्महिने विझेनात, तेव्हा बुडालेल्या कमाईपोटी केंद्र सरकारने दिवसाला 300 डॉलरपर्यंत, जास्तीत जास्त 6,000 डॉलर अशी सोय केली होती. तो अपवाद. तेव्हा तुमच्या सासूबाई याला ‘लष्कराच्या भाकऱ्या’ म्हणतात असं तुम्ही लिहिलंय, ते हिशेबाने अगदी बरोबर आहे.

भरतीची रीत साधी आहे. घराजवळची ब्रिगेड शोधायची, सरावाच्या संध्याकाळी तिच्या शेडवर (टँकर ठेवतात तिथे) जाऊन कॅप्टनला भेटायचं, अर्ज भरायचा. गुन्ह्यांची पडताळणी होते. वय 16 च्या वर हवं. मग उमेदवारी आणि प्राथमिक प्रशिक्षण: थोडा अभ्यास ऑनलाइन, बाकी शनिवार-रविवारी होज, पंप, रेडिओ, नकाशा, आणि शेवटी परीक्षा. ती पास झाल्याशिवाय कुणी आगीवर नेत नाही, आणि नेऊही नये. तब्येतीचं विचाराल तर पळण्यापेक्षा उन्हात उभं राहण्याचा दम लागतो. जाड पिवळे कपडे, हेल्मेट, बूट, पाठीवर पाण्याचा पंप आणि चढ. आत सुती कपडेच घालायचे. जिमचा पॉलिस्टरचा टीशर्ट धगीने वितळून कातडीला चिकटतो.

आता हंगामाच्या सुरुवातीचं. कायद्याने इथला आगीचा काळ 1 ऑक्टोबर ते 31 मार्च, आणि रान लवकर सुकलं तर एखाद्या भागात तो आधीच जाहीर होतो. या काळात स्वतःच्या जमिनीवरचा पालापाचोळा जाळायलाही परवाना लागतो, आणि ‘टोटल फायर बॅन’च्या, म्हणजे उघड्यावर आग लावायला पूर्ण बंदीच्या, दिवशी तो परवानाही चालत नाही. ऑक्टोबर म्हणजे अजून वसंत, थंडी आत्ताच तर गेली, असं नव्या माणसाला वाटतं. पण 17 ऑक्टोबर 2013 ला सिडनीजवळच्या ब्लू माउंटन्समध्ये विजेच्या तारांवर झाड पडून आग लागली आणि विनमली-यलो रॉक भागातली सुमारे 200 घरं गेली. तेव्हा हंगाम सुरू होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते.

त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरात शेडवर खरी धांदल असते, आणि ती दिसायला अगदीच रटाळ असते. टँकरवरची प्रत्येक होज उलगडून पाण्याचा दाब देऊन बघायची. जोडावरचं रबरी वायसर चिरलंय का ते बोट फिरवून तपासायचं, कारण तिथून गळणारं पाणी आगीवर कमी पडतं आणि बुटात जास्त. पंप सुरू करून बघायचा, फोमचा साठा, रेडिओच्या बॅटऱ्या, केबिनमधली आगरोधक ब्लँकेटं. मग आग अंगावरून जाण्याचा सराव: टँकर मोकळ्या जागी घ्यायचा, सगळ्यांनी केबिनमध्ये शिरायचं, काचा बंद, वरचे फवारे चालू, ब्लँकेट पांघरून खिडकीच्या खाली वाकायचं. दरवर्षी हे सगळं पहिल्यापासून करतात, तीस वर्षं काम केलेलेही करतात. हसत-खिदळत होतं, पण कुणी टाळत नाही.

का टाळत नाहीत ते सांगतो. 2 डिसेंबर 1998 ला शेजारच्या व्हिक्टोरिया राज्यात लिंटन गावाजवळ पाणी भरायला निघालेला एक टँकर वारा फिरल्यामुळे आगीत सापडला आणि जिलाँग वेस्ट ब्रिगेडचे पाचही स्वयंसेवक गेले. या बाजूला उन्हाळ्यात वायव्येकडून कोरडा, तापलेला वारा येतो आणि मग अचानक नैर्ऋत्येचा गार वारा सुटतो. घरात बसलेल्यांना हायसं वाटतं. आगीवर मात्र तो क्षण सर्वांत वाईट, कारण इतका वेळ जी आगीची लांबलचक कूस होती तीच आता तोंड होते, आणि मैलभर रुंद होऊन पुढे सरकते. टाकीतलं पाणी कधीच पूर्ण संपवायचं नाही, थोडं स्वतःच्या जिवासाठी राखायचं, हा नियम लिंटननंतर डोक्यात पक्का बसवला जातो. समोर कुणाचं गोठ्याचं छप्पर पेटलेलं असतानाही. प्रशिक्षणातली सगळ्यात अवघड गोष्ट कुठली विचाराल तर मी हीच सांगेन.

आणि ज्वाळांशी सामना हा कामाचा छोटा भाग. मोठा भाग म्हणजे नंतरचं धुमसणं. काळं पडलेलं रान, त्यात अजून पेटता एखादा बुंधा, त्याच्या मुळातून जमिनीखाली सरकणारी धग. हातमोजा काढून हाताचा पालथा भाग मातीजवळ न्यायचा, ऊब लागली की दाताळ्याने उकरायचं, पाणी मारायचं, ढवळायचं, पुन्हा हात. तळहात धरायचा नाही, भाजला तर अवजार कशाने धरणार? बारा तासांच्या पाळीत पुष्कळदा एवढंच होतं. संध्याकाळी फोटो टाकण्यासारखं काही हाती लागत नाही. माझं निरीक्षण असं की पहिल्या वर्षात जे सोडून जातात ते भीतीने नाही, कंटाळ्याने जातात.

तुमचा उमेदवारीचा उन्हाळा वाया जाणार का? मुळीच नाही. ब्रिगेडला माणसं लागतात ती फक्त नळी धरायला नव्हे. सप्टेंबरात ‘गेट रेडी’चा (आगीच्या तयारीचा) शनिवार-रविवार असतो, ब्रिगेडी शेड उघडून लोकांना बोलावतात, चौकात टेबल मांडतात. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या किंवा अपंग माणसांच्या पन्हाळी साफ करून द्यायची, घराभोवतीचं वाळकं गवत काढायची आरएफएसची मोफत योजनाही आहे. आणि आपल्या लोकांशी बोलायला तर तुमच्याइतकं कोण योग्य? सिडनीच्या कडेला नव्या वस्त्यांत भरपूर मराठी-गुजराती-पंजाबी घरं आहेत, मागच्या कुंपणाला लागून युकॅलिप्टसचं रान आणि आई-वडील सहा महिन्यांसाठी भारतातून आलेले. ‘वॉच अँड ॲक्ट’ हा इशारा मोबाइलवर आला तर काय करायचं, हे त्या आजीआजोबांना कुणी सांगितलेलं नसतं. (तीन पायऱ्या आहेत: पिवळी ‘ॲडव्हाइस’, म्हणजे लक्ष ठेवा, केशरी ‘वॉच अँड ॲक्ट’, म्हणजे आता हालचाल करा, लाल ‘इमर्जन्सी वॉर्निंग’, म्हणजे धोका दारात आहे. लाल येईपर्यंत थांबलात तर कदाचित रस्ताच बंद झालेला असेल.)

आधी तुमचं स्वतःचं घर मात्र बघा. बहुतेक घरं ज्वाळा येऊन भिडल्याने पेटत नाहीत, वाऱ्यावर उडून आलेल्या निखाऱ्यांनी पेटतात. युकॅलिप्टसची साल सुटून पेटती उडते आणि वारा असेल तर कित्येक किलोमीटर पुढे जाऊन नवी आग लावते. तुमच्या पन्हाळीत पाचोळा असेल तर तिला एवढं पुरतं. पन्हाळ साफ, पायपुसणं आणि लाकडं भिंतीपासून लांब, बागेची नळी सगळीकडे पोहोचेल एवढी. आणि घरच्यांशी जेवणाच्या टेबलावर एकदा ठरवा: निघायचं कधी, कुठल्या रस्त्याने, पासपोर्ट कुठे आहेत. ‘कॅटॅस्ट्रॉफिक’ (आगीच्या धोक्याची सगळ्यात वरची पातळी) म्हणून जाहीर झालेल्या दिवशी तर प्रश्नच नाही, सकाळीच निघायचं. पेजर वाजल्यावर बायकामुलांना मागे ठेवून तुम्ही टँकरवर चढणार आहात, त्यांचं ठरलेलं नसेल तर तुमचं लक्ष तिथे लागणार नाही.

शेवटी तुम्ही विचारलंय की हे शिकलेलं साताऱ्याकडच्या गावी कामाला येईल का. थोडं येईल. तिकडचे वणवे फेब्रुवारी ते मे, बहुतेक माणसाने लावलेले, डोंगरावरच्या वाळक्या गवतातले. तिथे टँकर चढत नाही. वनखात्याचे लोक आणि गावकरी ओल्या डहाळ्यांनी झोडपून विझवतात, आणि आधीच जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून गवत जाळून मोकळा केलेला पट्टा) काढून ठेवतात. पंप-होजचं ज्ञान तिथे निरुपयोगी. पण आग चढावर जोरात धावते, उतार दर दहा अंशांनी वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो, हे सह्याद्रीतही तितकंच लागू. उन्हाळ्यात गावी गेलात आणि पोरं डहाळ्या घेऊन आगीच्या वरच्या बाजूने निघालेली दिसली, तर त्यांना आधी खाली बोलवा.