टेक्सासमध्ये लग्न न नोंदवता एकत्र राहतो. व्हीएकडे (अमेरिकेचं माजी सैनिकांसाठीचं सरकारी खातं) पत्नी म्हणून माझं नाव लागेल का?

लागेल. तुमचे मिस्टर अमेरिकन आर्मीतून निवृत्त, व्हीएचं 70 टक्के रेटिंग (सैन्यसेवेमुळे आलेल्या अपंगत्वाचं प्रमाण), दोघं बरीच वर्षं ह्यूस्टनला संसार करताय आणि मॅरेज लायसन्स कधी काढलं नाही, असं तुम्ही लिहिलंय. रेटिंग 30 टक्के किंवा जास्त असलं की बायकोसाठी वाढीव रक्कम मिळते. लग्न धरायचं की नाही, हे व्हीए राज्याच्या कायद्यावरून ठरवतं, आणि टेक्सासमध्ये कॉमन लॉ मॅरेज, म्हणजे लायसन्स किंवा विधी न करता झालेलं लग्न, आजही चालतं. फ्लोरिडात ते 1968 पासून बंद आहे, अलाबामात 2017 पासून. त्यामुळे तिकडच्या कुणाचे अनुभव ऐकून घाबरू नका.

सात वर्षं एकत्र राहिलं की आपोआप लग्न होतं, हे मात्र खोटं. टेक्सासचा कायदा वर्षं मोजत नाही. आपण नवरा-बायको आहोत असं दोघांनी ठरवलेलं हवं, त्यानंतर टेक्सासमध्ये तसं एकत्र राहिलेलं हवं आणि चारचौघांत तशी ओळख करून दिलेली हवी. तिन्ही गोष्टी लागतात.

व्हीएसाठी 21-686सी (कुटुंबातल्या अवलंबितांची नावं लावायचा फॉर्म) याच्याबरोबर 21-4170 हा तुमच्या नात्याची माहिती देणारा फॉर्म तुम्ही दोघांनी भरा: कधी ठरवलं, कुठे कुठे राहिलात, मुलं आहेत का. शिवाय ओळखीच्या दोघांकडून 21-4171, म्हणजे तुमच्या लग्नाबद्दल साक्षीदाराचं निवेदन. खरी मेहनत इथे घ्या. आमच्या वेळी शेजारच्या काकूंनी आधी "फार छान जोडपं आहे" एवढंच लिहून दिलं होतं. त्याने काय सिद्ध होणार? मग त्यांनी स्वतः पाहिलेलं लिहिलं: हे दोघं अमुक साली शेजारी राहायला आले, दिवाळीला फराळ घेऊन आली तेव्हा "हे माझे मिस्टर" म्हणून तिने ओळख करून दिली, सगळी गल्ली त्यांना नवरा-बायकोच समजते. असं हवं. सोबत दोघांच्या नावाचा भाडेकरार, जॉइंट खातं, विम्याची कागदपत्रं जोडा. टॅक्स रिटर्नवर "सिंगल" लिहिलं असेल तर लपवू नका, तसं का लिहिलं ते खरंखरं सांगा.

दोघांपैकी कुणाचं आधीचं लग्न झालेलं असेल तर घटस्फोटाचा आदेश आधी शोधा. नुसतं वेगळं राहणं म्हणजे घटस्फोट नव्हे, आणि पहिलं लग्न कायम असेपर्यंत हे दुसरं लग्न कायद्याने होतच नाही.

पण या सगळ्याच्या आधी दोघं मिळून काउंटी क्लार्ककडे (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा भाग, तिथला नोंदणी अधिकारी) जा आणि "डिक्लरेशन ऑफ इन्फॉर्मल मॅरेज", म्हणजे या कॉमन लॉ मॅरेजचं घोषणापत्र, नोंदवा. त्यात नवरा-बायको म्हणून राहायला लागल्याची जुनी तारीख घालता येते आणि तो कागद लग्नाचा पुरावा ठरतो. त्यावर दोघांच्या सह्या लागतात, म्हणून कळकळीने सांगते, हे पुढे ढकलू नका. मिस्टर गेल्यावर हा रस्ता बंद होतो आणि बाईला दुःखात असताना साक्षीदार शोधत फिरावं लागतं. फॉर्म भरायला काउंटीचे व्हेटरन्स सर्व्हिस ऑफिसर (माजी सैनिकांना मदत करणारे अधिकारी) फुकट मदत करतात. त्यांची वेळ आजच घ्या.