नळ सोडून रडणारी आई

"मॅडम, मुलासमोर युद्धाचं बोलावं की नाही?" मी समुपदेशनाचं काम करते, आणि मे 2025 मधल्या भारत-पाकिस्तान संघर्षापासून हा प्रश्न माझ्याकडे सतत येतोय. नागपूर शहरात हवाई दलाचं वायुसेना नगर, शेजारी कामठीला लष्कराच्या गार्ड्सचं रेजिमेंटल सेंटर. सीमेवर काही पेटलं की नागपुरातल्या कितीतरी घरांची झोप उडते.

तपशील बदलून एका घराबद्दल सांगते. 8 मेच्या रात्री ही ताई जम्मूत होती. भोंगे, ब्लॅकआऊट, आकाशात ड्रोन. 10 मेला गोळीबार थांबला, तरी सात वर्षांच्या मुलाला घेऊन ती माहेरी, नागपूरच्या मानेवाड्याला आली. नवरा नोकरीपायी तिकडेच. इथे वादळात लाईट गेली की पोरगा पलंगाखाली शिरायचा, आजोबांना टॉर्च लावू द्यायचा नाही. अंथरूणही ओलं व्हायला लागलं. "काहून भेतो रे बाबू, इथं काय आहे?" आजी विचारून थकली.

"मी त्याच्यासमोर एकदाही रडले नाही," ताई म्हणाली.

"मग रडता कधी?"

"बाथरूममध्ये. नळ सोडून."

पुढे एकदा चित्र काढता काढता मी मुलाला विचारलं, सगळ्यात जास्त भीती कधी वाटते? भोंगा म्हणेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "नळ सुरू होतो तेव्हा. तेव्हा बाबांना काहीतरी झालेलं असतं. आई सांगत नाही."

त्याला विचारूनच मी हे ताईला सांगितलं. पुढच्या भेटीत माझ्यासमोरच ती त्याला म्हणाली, "बाबांची काळजी वाटते म्हणून मी रडते. बाबा ठीक आहेत. कधी फोन उशिरा येतो. काही कळलं तर तुला मीच सांगेन."

"खरंच सांगशील?" त्याने तीनदा विचारलं आणि तिने तीनदा हो म्हटलं. इतक्या वर्षांच्या कामात मला सर्वांत मोलाची वाटते ती अशी कबुली. मूल संकट मोजतं ते आईबापाच्या चेहऱ्यावरून, आणि चेहरा लपवला तर जे मनाने रचतं ते खऱ्याहून भयंकर असतं. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या बालगृहांत काम करताना बालमनोविश्लेषक ॲना फ्रॉइड यांनीही याच्याशी जुळणारं पाहिलं: बाँबच्या आवाजापेक्षा आईपासूनची ताटातूट अनेक मुलांना जास्त जड गेली.

म्हणून माझा निम्मा वेळ आईसाठी असतो. तिला रोज कुणाशी तरी मोकळं बोलता यायला हवं; इथे ते काम तिच्या वहिनीने उचललं. मुलाने विचारलं तेवढंच सांगा, पण खरं सांगा. "काहीच होणार नाही" अशी हमी देऊ नका. टीव्हीवरच्या बातम्या मूल झोपल्यावर बघा. बाँबबाँब खेळत असेल तर रागावू नका, खेळू द्या. भीती तशीच बाहेर पडते. ओल्या अंथरुणावरून तर अजिबात बोलू नका. जेवण, झोप, शाळा यांच्या वेळा पाळा. या मुलाकडे आम्ही टॉर्च सोपवला, लाईट गेली की लावायचा त्यानेच.

महिनाभरात फरक दिसला नाही, मूल खाईना, बोलेना, तर बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. आणि रात्री तुमचाच धीर सुटला तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनच्या 14416 वर फोन करा. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.