कमी बजेटमधला कार स्टिरिओ कसा निवडावा

जुन्या गाडीत स्टिरिओ बसवायचाय ना, मग आधी डॅशबोर्डमधली जागा मोजा. डिन हे स्टिरिओच्या आकाराचं ठरलेलं माप: सिंगल डिन म्हणजे साधारण 180 बाय 50 मिमी, डबल डिन त्याच्या दुप्पट उंच.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘50 वॅट गुणिले 4’ छापलेलं असतं, त्याला भुलू नका. तो क्षणभराचा कमाल आकडा. आरएमएस, म्हणजे सेट सतत देऊ शकतो ती ताकद, बघा. सेटच्या मागे फ्यूज 10 अँपिअरचा असेल, तर इंजिन चालू असताना 14 व्होल्टला तो जेमतेम 140 वॅट ओढणार, आणि त्यातलीही बरीच ऊर्जा उष्णतेत जाते. मग चार स्पीकरना 200 वॅट येणार कुठून? प्रत्येकी 15-20 वॅट मिळतात, आणि छोट्या गाडीत तेवढे पुरून उरतात.

स्वस्त अँड्रॉइड स्क्रीनचा मोह होतोच. पण 1 जीबी रॅमचे सेट नकाशा आणि गाणी एकत्र लावली की अडखळतात. माझं स्पष्ट मत: त्यापेक्षा सोनी किंवा पायोनियरचा साधा ब्लूटूथवाला सिंगल डिन घ्या. प्री-आउट (अॅम्प्लिफायरकडे सिग्नल नेणारे मागचे सॉकेट) असेल तर उत्तम, पुढेमागे अॅम्प्लिफायर जोडता येतो.

आणि फिटिंगवाल्याला ठणकावून सांगा, गाडीची मूळ वायर कापायची नाही! मॉडेलनुसार कपलर (वायर न कापता जोडायचा प्लग) मिळतो, तोच लावायचा. सेटची पिवळी वायर कायम बॅटरीच्या सप्लायला, लाल वायर चावीने चालू होणाऱ्या सप्लायला. उलटं जोडलं तर चावी काढली की सेव्ह केलेली स्टेशनं पुसली जातात.

पैसे उरले तर पुढच्या दारांचे स्पीकर बदला.