तळटिपांची चिन्हे: ताऱ्यानंतर काय?

प्रश्न: आमच्या स्मरणिकेत एका पानावर जेमतेम दोन-तीन तळटिपा येतात. आकड्यांऐवजी चिन्हे द्यायची आहेत. त्यांचा काही क्रम ठरलेला आहे का?

उत्तर: आहे. इंग्रजी छपाईतला रूढ क्रम असा: तारा (*), कट्यार (†), दुहेरी कट्यार (‡), मग §, ‖ आणि ¶. सातव्या टिपेपासून तीच चिन्हे जोडीने, म्हणजे **, ††. मात्र तिथवर जाऊच नका. पानावर तीनपेक्षा जास्त टिपा असतील, तर आकडेच बरे. § ची टीप पानाच्या तळाशी शोधताना वाचकाचा धागा तुटतो. प्रत्येक पान पुन्हा * पासून सुरू करा. वर्डमध्ये तळटिपांच्या खिडकीत ‘दर पानाला नवी सुरुवात’ हा पर्याय निवडला नाही, तर चिन्हे पुढच्या पानांवर वाढतच जातात.

स्मरणिकेत नावांच्या याद्या असतातच, म्हणून एक जपा: नावापुढची † अनेक ठिकाणी ‘दिवंगत’ या अर्थाने वाचली जाते. हयात व्यक्तीच्या नावाला ती कधीही लावू नका; * नंतर थेट § घ्या.

चिन्ह स्वल्पविराम किंवा पूर्णविरामानंतर येते, डॅशच्या मात्र आधी.

प्रश्न: † टाइप केले की भलतेच अक्षर उमटते. आणि तारा इतका बारीक दिसतो की छापल्यावर सापडत नाही.

उत्तर: मजकूर युनिकोड (सर्व लिप्यांसाठीची सामायिक संकेतप्रणाली) येण्यापूर्वीच्या मराठी फॉन्टमध्ये असणार. † चा जुना संकेतांक १३४, ‡ चा १३५, § चा १६७. त्या फॉन्टांनी या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवले आहेत. तेवढ्या एका चिन्हाला टाइम्स न्यू रोमन लावा, काम होईल. नंतर सगळा मजकूर निवडून फॉन्ट बदललात, तर चिन्ह पुन्हा बिघडेल. म्हणून हे काम शेवटच्या प्रुफाला करा.

ताऱ्याचे दुखणे वेगळे. तो मुळातच ओळीच्या वरच्या भागात बसतो. वर्ड तळटिपेच्या प्रत्येक खुणेला ‘सुपरस्क्रिप्ट’ करते, त्यामुळे तारा आणखी लहान होऊन आणखी वर जातो. तेवढ्यापुरते सुपरस्क्रिप्ट काढा. † आणि ‡ ला राहू द्या, कारण ती पूर्ण उंचीची आहेत. देवनागरीत आणखी एक अडचण आहे: ‘नाही’, ‘घरी’ अशा शब्दांच्या वेलांटीला किंवा शेवटच्या अनुस्वाराला तारा चिकटतो. मध्ये नेहमीची मोकळी जागा सोडू नका, ओळ तुटून तारा एकटाच खालच्या ओळीत जाईल. शेवटच्या अक्षराचे अंतर अर्धा ते एक पॉइंट वाढवा.